बेदाण्याचा प्लेथोरा

मागच्या महिन्यात आमच्या पुतण्यानं एका शब्दापायी किलोमागं बारा रुपये घालवले, म्हणजे घालवलेच असते, थोडक्यात वाचला. शब्द इंग्रजी, आणि तो तपासून दिला होता मी. म्हणून हे लिहायला बसलेय, कबुलीजबाब समजा हवं तर.

झालं असं, दिरांचं तासगावला बेदाण्याचं काम आहे. स्वतःची बाग, स्वतःचं शेड, आणि हंगामात आजूबाजूच्या चारपाच जणांचा माल घेऊन विकायचा. पुतण्या पुण्यात शिकून परत आला आणि त्याच्या डोक्यात आलं की दरवेळी सौद्यातच, म्हणजे मार्केट यार्डातल्या लिलावातच, माल कशाला लावायचा, थेट लांबचं गिऱ्हाईक गाठू, मग त्यानं चार पानी चकचकीत माहितीपत्रक केलं आणि मी सांगलीत इंग्रजीच्या शिकवण्या घेते म्हणून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. "काकी, जरा इंग्लिश बघा की, स्पेलिंगबिलिंग." पहिलंच वाक्य होतं, वी ऑफर अ प्लेथोरा ऑफ प्रीमियम ग्रीन अँड गोल्डन रेझिन्स. मी स्पेलिंग बघितलं, बरोबर होतं, कुकरची शिट्टी झाली होती, अंगठा पाठवून मोकळी झाले.

आठवड्यानं केरळातल्या एका घाऊक व्यापाऱ्याचा फोन. वयस्कर गृहस्थ, जुन्या वळणाचं स्वच्छ इंग्रजी. म्हणाले, तुमचं पत्रक वाचलं, तुमच्याकडं माल एवढा अंगावर आलाय तर दरात बारा रुपये कमी करा, सगळाच उचलतो. पुतण्या गार. संध्याकाळी मला फोन, "काकी, मी भरपूर व्हरायटी आहे म्हणलो वो, हा माणूस म्हणतोय तुमचा माल तुंबलाय."

आणि खरं सांगू का, तो माणूस बरोबर होता.

प्लेथोरा म्हणजे नुसतं भरपूर नाही. गरजेपेक्षा जास्त, नको इतकं, आवरेनासं झालेलं. हल्ली इंग्रजीवालेच तो सर्रास "खूप" या अर्थानं वापरतात आणि शब्दकोशांनीही दोन्ही अर्थ शेजारीशेजारी बसवलेत, त्यामुळं पुतण्याला अगदी चूक म्हणता येत नाही. पण ज्यांचा कान जुना आहे त्यांना त्या शब्दात "अरे बापरे" ऐकू येतं. प्लेथोरा ऑफ फॉर्म्स, प्लेथोरा ऑफ कमिट्या, प्लेथोरा ऑफ सबबी, असा तो जिथं वैताग असतो तिथं फिट्ट बसतो. "लग्नाला प्लेथोरा ऑफ पाहुणे आले होते" असं कुणी म्हणलं तर मी तरी समजेन की जेवण कमी पडलं.

माझ्या शिकवणीत तर हा शब्द साथीसारखा पसरलाय. परदेशी जाणारी पोरं त्या परीक्षांच्या क्लासला जातात, तिथं त्यांना "लॉट्स ऑफ लिहू नका, प्लेथोरा लिहा, मार्क मिळतात" असं सांगतात, मग प्रत्येक निबंधात प्लेथोरा. प्लेथोरा ऑफ टीचर्स, प्लेथोरा ऑफ ट्रीज. एकानं "माय ग्रँडमदर हॅज अ प्लेथोरा ऑफ लव्ह" लिहिलं होतं, ते मात्र मी खोडलं नाही, काही आज्यांच्या बाबतीत ते तंतोतंत खरं असतं. उच्चार आपण सगळेच प्ले-थो-रा असा थो वर उभं राहून करतो, इंग्रज पहिल्या अक्षरावर जोर देतात, प्लेथरा असं काहीतरी. मीही थो वरच उभी राहते, सवय आहे.

त्या रविवारी नणंद जेवायला आली होती. ती मिरजेला नर्स आहे, नवजात बाळांच्या विभागात. मी हा किस्सा सांगत होते तर भाकरी मोडता मोडता म्हणाली, "प्लेथोरा? आमच्याकडं असतंय की नेहमी." मी म्हणलं काय असतंय? तर म्हणाली काही बाळं जन्मतात तीच लालबुंद, गुलालात बुडवून काढल्यासारखी, त्यांना डॉक्टर केसपेपरवर प्लेथोरिक असं लिहितात. रक्तातल्या लाल पेशी जास्त झालेल्या असतात, रक्त दाट होतं. आपल्याकडं आजी म्हणणार, बाळ कसं लालचुटुक आहे बघा, दृष्ट काढा, आणि इकडं हे लोक रक्त तपासायला पाठवतात, लाल पेशींचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या वर गेलं की लक्ष ठेवायचं, आणि बाळाला त्रास व्हायला लागला तर थोडं रक्त काढून घ्यायचं आणि तेवढंच सलाईन भरायचं.

म्हणजे लाली चांगली, पण एका आकड्यापर्यंत. मला हे फारच आवडलं, कारण मी आयुष्यभर हा शब्द शिकवतेय आणि त्याचा मूळ अर्थ माझ्या नणंदेच्या रोजच्या ड्युटीत जिवंत आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

कारण इंग्रजीत हा शब्द आला तोच दवाखान्याच्या दारातून, सोळाव्या शतकात. ग्रीक भाषेतून लॅटिनमध्ये, तिथून वैद्यांच्या पुस्तकांत. अंगात रक्त फाजील झालं की होणारा आजार म्हणजे प्लेथोरा. गॅलेन हा जुना ग्रीक वैद्य, त्याच्याही आधीपासून तिकडं समजूत अशी की शरीरात चार द्रव असतात, त्यांचा तोल गेला की माणूस आजारी पडतो, आणि रक्त वाढलं असेल तर उपाय सोपा, काढा! शीर कापा, जळवा लावा. आपल्याकडंही रक्तमोक्षण होतंच, बाजारात तुंबड्या लावणारे वैदू बसायचे ते आमच्या अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, लहानपणी बघितलेत. पण युरोपात आणि अमेरिकेत याचा अतिरेकच झाला. जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजला, १७९९ च्या डिसेंबरात, तर एका दिवसात चार वेळा रक्त काढलं त्याचं, आणि त्याच रात्री तो गेला. शीर कापायच्या त्या छोट्या पात्याला लॅन्सेट म्हणायचे, आणि १८२३ मध्ये लंडनमध्ये डॉक्टरांचं एक साप्ताहिक निघालं त्याचं नाव द लॅन्सेट, ते अजून चालू आहे, जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांत गणलं जातं. पातं गेलं, नाव राहिलं. प्लेथोराचंही तेच, रक्त गेलं आणि "फाजील" तेवढं उरलं, तेही आता पातळ होत चाललंय.

आता मला ज्यासाठी हे लिहायचं होतं ते. त्या रात्री झोप येईना म्हणून या शब्दाचं कूळ शोधत बसले. ग्रीकमधल्या त्या मूळ धातूचा अर्थ भरणं, भरलेलं असणं. आणि हा धातू आपल्या घरचाच निघाला. संस्कृतातला पूर्ण त्याचाच. लॅटिनमधला प्लस, प्लेनस त्याचेच, इंग्रजीतला फुल पण (पितृचा फादर होतो तसा इकडचा प तिकडं फ होतो). मग मराठीत मोजायला लागले. भरपूर. पुरेसं. अपुरं. पुरवणी. पुरवठा. पुरणपोळीतलं पुरण, म्हणजे आत भरायचं ते. आणि पूर! नदीचा पूर. सगळी एकाच आईची लेकरं, आणि प्लेथोरा त्यांचा परदेशात गेलेला चुलतभाऊ.

त्यात आणखी गंमत म्हणजे सप्लाय हा शब्दही त्याच घरातला, आणि सप्लिमेंटसुद्धा. म्हणजे परीक्षेत पोरं हात वर करून "सर, सप्लिमेंट" म्हणतात किंवा "सर, पुरवणी" म्हणतात तेव्हा हजारो मैल आणि हजारो वर्षं फिरून आलेला एकच शब्द दोनदा मागतात. मला एवढा आनंद झाला की नवऱ्याला उठवून सांगितलं. तो "हं" म्हणून परत झोपला.

आणि या सगळ्यात मला सगळ्यात आवडला तो "पुरे". हाही तिथलाच. बघा, भरपूर म्हणजे छान, पूर म्हणजे संकट, आणि मधे उभा राहून हात आडवा करणारा शब्द पुरे. इंग्रजीला एका प्लेथोरात कळेना की खूप म्हणायचंय की नको इतकं म्हणायचंय, आपल्याकडं त्याच धातूच्या प्रत्येक पायरीला वेगळा शब्द आहे. अपुरं, पुरेसं, भरपूर, पुरे, पूर. जिना आहे अगदी.

आणि हा जिना सांगलीकरांना शिकवावा लागत नाही, आमच्याकडं तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर रंगवून ठेवलाय. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. पावसाळ्यात सकाळी चहाआधी "पाणी किती झालं?" विचारायचं आणि समोरच्यानं फुटात उत्तर द्यायचं, हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटतं. जूनमध्ये कृष्णा वाहती झाली की आपण पुलावर जाऊन फोटो काढतो, भेळ खातो. तिकडं सातारा जिल्ह्यात कोयना भरत आली की पेपरात आनंदाची बातमी, १०५ टीएमसीचं (म्हणजे अब्ज घनफुटांचं) धरण, वर्षाची चिंता मिटली. आणि मग एक दिवस दरवाजे उचलल्याची बातमी येते आणि तेच पाणी, तोच आनंद, इकडं आमच्या जिन्याशी येऊन उभा राहतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आम्ही तेव्हा सांगलीच्या जुन्या वस्तीत, गावभागात, दुसऱ्या मजल्यावर राहायचो. तळमजला गेला, खालच्या काकूंचं सामान आमच्या हॉलमध्ये, त्यांचे लोणच्याचे डबे आमच्या दिवाणाखाली, आणि चारी बाजूनं पाणीच पाणी असताना प्यायला मात्र बोटीतून आलेल्या बाटल्या मोजून वाटलेल्या. महापुरात पाणी पुरत नव्हतं, म्हणजे जिन्याची पहिली आणि शेवटची पायरी एकाच दिवशी. आणि त्याच जिल्ह्यात जत तालुक्यात लोक टँकरची वाट बघत असतात हे तर आपण इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी दचकतही नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं होतं आठवतंय? त्या गाडीचं नाव जलदूत. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, पाच लाख लिटर. तेव्हा आमच्याकडंही पाणी उतू जात होतं असं नाही, पण पुरेसं होतं, आणि पुरेशातनं देता येतं.

सरकारनं पण या पायऱ्यांना आकडे दिलेत. एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी, पंचनामे सुरू. ६४ ला काय, भरपूर पाऊस. कधीकधी वाटतं पिकाला हा फरक समजावून सांगायला तलाठी पाठवतील.

असो, बेदाण्याकडं येते. बाजारात माल जास्त झाला की इंग्रजी पेपरवाले ग्लट म्हणतात. हा शब्द लॅटिनमधल्या गिळण्यावरनं आलाय, खादाड माणसाला ग्लटन म्हणतात तो त्याचा सख्खा. म्हणजे बाजारानं इतकं गिळलंय की आता घास जात नाही. आमच्याकडचे अडते याला "माल तुंबलाय" म्हणतात, मला तर तो जास्त नेमका वाटतो, गळ्यापाशी अडकलेलं दिसतंच डोळ्यापुढं. "आवक वाढली", "उठाव नाही", "भाव बसला" हे त्याचे पुढचे टप्पे. २०१७-१८ च्या हंगामात साखरेचं असंच झालं, देशात सव्वातीनशे लाख टनांच्या आसपास साखर झाली आणि देश तेव्हा खायचा अडीचशे लाख टन, मग दर इतका बसला की सरकारला जून २०१८ मध्ये साखरेला किलोला २९ रुपयांचा किमान विक्री दर ठरवून द्यावा लागला. आमच्या पट्ट्यात त्या साली कुणाशीही बोला, ऊसबिल कधी मिळणार हाच विषय.

द्राक्षाचं वेगळं, ते तुंबलं की पळवाट काढतं. खायच्या द्राक्षाला दर नाही म्हणलं की सगळे एकदम बेदाण्याकडं वळतात, चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा, द्राक्षं डिपिंग ऑइलमध्ये (लवकर सुकावीत म्हणून वापरतात ते) बुडवून रॅकवर टाकली की पंधरावीस दिवसांत बेदाणा तयार. म्हणजे वाटतं चला संकट सुकवून टाकलं, पण ते सुकून बॉक्समध्ये बसतं आणि बॉक्स कोल्ड स्टोरेजला जातो, आणि तिथलं भाडं चालू होतं. द्राक्षाची गर्दी बेदाण्याची गर्दी होते, एवढंच.

सर्फिट म्हणून आणखी एक शब्द आहे, तो जेवणावळीतला. इंग्लंडचा पहिला हेन्री ११३५ मध्ये वारला तो लँप्री नावाचे सापासारखे मासे नको तितके खाल्ल्यानं, असं त्यांच्याकडं पिढ्यान् पिढ्या सांगतात, सर्फिट ऑफ लँप्रीज. आपल्याकडं अजीर्ण. आंब्याच्या दिवसांत आमच्या घरी एकदोन हेन्री असतातच.

पुतण्याला हे सगळं सांगत होते तेव्हा अण्णा कॉटवर पडून ऐकत होते. त्यांना इंग्रजीचं काही नाही, पण चाळीस वर्षं सौद्यात उभे राहिलेत. ते म्हणाले, "आरं, इकणाऱ्यानं माल हाय म्हणावं. लई हाय म्हणू न्हाई. लई हाय ते घेणारा म्हणतोय." त्यांच्याकडं भरपूरला शब्द मोप आहेत. मायंदाळ, बक्कळ, रग्गड, खंडीभर. पण लक्ष देऊन ऐका, मायंदाळ पाऊस, बक्कळ पैका, असं सगळं घरात येणाऱ्या गोष्टींबद्दल असतंय. बाजारात तेच अण्णा एकदम दुसरी भाषा बोलतात. "पैशाला पासरी झालंय." पैशाला पाच शेर, म्हणजे किंमतच उरली नाही. एकाच माणसाच्या तोंडात, एकाच मालाबद्दल, शेडमध्ये मायंदाळ आणि यार्डात पासरी. मला वाटतं त्या केरळच्या आजोबांनी प्लेथोरा वाचला तो यार्डातल्या कानानं, आणि माझ्या पुतण्यानं लिहिला होता शेडमध्ये बसून.

मग आम्ही वाक्य बदललं. पुतण्या म्हणाला "अ वाइड रेंज" घालू. मी म्हणलं घाल, त्यात कुणी बारा रुपये शोधणार नाही. मागं एकदा त्यानं "लिमिटेड स्टॉक" पण घालून बघितलं होतं, तर अण्णा हसले, शेडचं दार उघडं होतं आणि आतले बॉक्स छताला लागलेले रस्त्यावरनं दिसत होते. केरळच्या आजोबांना त्यानं फोन करून खरं ते सांगून टाकलं, शब्द चुकला म्हणाला, व्हरायटी म्हणायचं होतं. ते बराच वेळ हसले आणि म्हणे, माझी नात पण असंच लिहिते. शेवटी तीन रुपये कमी करून दीडशे बॉक्स गेले. ते तीन रुपये माझ्या खात्यावर लिहायचे असं दिरांनी जाहीर केलंय, जेवताना, सगळ्यांसमोर.

परवा तासगावला गेले होते. निघताना सासूबाईंनी नेहमीप्रमाणं पिशवी आणली आणि बेदाणे भरायला लागल्या. मी म्हणलं पुरे. त्यांनी आणखी दोन ओंजळी टाकल्या. मी म्हणलं, अहो पुरे, मागचेच संपले नाहीत. "राहू दे गं, पोरं खातील." माझी दोन्ही पोरं बेदाण्याकडं ढुंकून बघत नाहीत हे त्यांना गेली दहा वर्षं माहीत आहे. आत्ता स्वयंपाकघरात तीन बरण्या, एक स्टीलचा डबा आणि ही नवी पिशवी आहे, शिरा, खीर, पुलाव सगळ्यात घालून झालं. सांगलीत विश्रामबागच्या बाजूला कुणी राहत असेल तर डबा घेऊन या, खरंच.